कॉइलवरचा बर्फ

उभ्या गाडीखाली पाणी दिसलं की मी अजून खाली वाकतो. एसी चालला की थोडं पाणी गळतंच, त्यात नवल नाही. पण किती गळतं ते मी बघतो. लोक म्हणतात म्हातारा सटकला. म्हणू द्या.

मी चौथी शिकलेला माणूस. अमडापुरात रस्त्याला लागून माझं गाड्यांच्या एसीचं दुकान. आमच्याकडं एसी मरतो तो धुळीनं. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. हवा तिच्यातून गार होऊन आपल्या तोंडावर येते. कंपनीच्या कॉइलची जाळी इतकी दाट, की सोयाबीनचा भुसा, कापसाचं तूस, रस्त्याची माती, सगळं त्या ओल्या जाळीत अडकतं आणि वारा बंद.

माझ्या बायकोचं हृदय थकलं होतं. छातीत पाणी भरायचं. महिन्यातून एकदा माझ्याच गाडीनं खामगाववरून अकोल्याच्या डॉक्टरकडे न्यावं लागे. रस्त्याचं काम चालू, दोन-अडीच तास जायचे. काच उघडली की धुळीनं खोकला, खोकल्यानं दम. काच लावली आणि एसी नसला की जीव घाबरा. एकदा वाटेतच जाळी तुंबली आणि तिचे ओठ काळेनिळे पडले. त्या दिवशी ठरवलं, ही कॉइल आपण बदलायची.

भंगारातल्या एका मोठ्या गाडीची कॉइल आणली. आकारानं मोठी, जाळी विरळ. धूळ अडकणार नाही, आरपार जाईल. पत्रा कापून तिच्यासाठी नवी पेटी केली. महिनाभर तेच चाललं. बायको दुकानात बाजेवर बसून लसूण सोलायची आणि मला टोचायची.

"कंपनीवाले शिकून शिकून येडे झाले, अन् तुमी चौथीत हुशार."

"तुह्याच जिवासाठी करून राह्यलो ना वं."

"मंग थंडी जराशी कमीच ठेवा. आतापासूनच मढ्यावानी गार काऊन करता मले?"

मी हसलो. तेव्हा हसू आलं.

कॉइल फार गार झाली तर तिच्यावर बर्फ धरतो. तसं होऊ नये म्हणून थर्मोस्टॅटची एक बारीक तार जाळीत खुपसलेली असते, जिथं सगळ्यात जास्त गार असतं तिथं. गारठा हद्दीबाहेर गेला की ती तार कॉम्प्रेसर बंद करते. माझी कॉइल मोठी, तार जुनीच. ती खालच्या गार कोपऱ्यापर्यंत पोचेना. मी वरच खुपसली. चालतं की, म्हटलं.

आणि चाललं. वैशाखात, भर दुपारी, तिला मागं बसवून अकोल्याला जाऊन आलो. येताना तिनं शाल मागितली. आमच्या भागात वैशाख सोसला की वस्तू पास. कूलर असो, मोटर असो, टायर असो, सगळ्यांची परीक्षा तीच. पण वैशाखाची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत बर्फ धरायला पाणी कुठून येणार? हे मला माहीत होतं. ध्यानात आलं नाही.

पोळा झाला, पाऊस थांबला आणि भादव्याचं ते चिकट ऊन पडलं. महालक्ष्म्यांसाठी लेक माहेरी आली होती. एका सकाळी बायकोचे पाय सुजलेले, श्वास वर वर. तिला मागं निजवलं. लेकीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, गळ्याला ओला टॉवेल गुंडाळला. निघालो.

खामगावपर्यंत गाडी गार होती. पुढं गेल्यावर ती म्हणाली, "वारा कमी झाला."

"नाही झाला. तुले वाटते तसं."

थोड्या वेळानं लेकीनं पुढं हात करून डॅशबोर्डवरच्या, हवा येते त्या जाळीला लावला. "बाबा, हवा येऊनच नाही राह्यली."

"ब्लोअरचा आवाज येते ना?"

आवाज येत होता. पण तोंडावर उशी दाबून कोणी बोलावं तसा. इतकी वर्षं मी हेच आवाज ऐकून पोट भरलं. बर्फ धरलेल्या कॉइलचा आवाज मला झोपेतही कळतो. त्या दिवशी मी तो कळूच दिला नाही, कारण ती कॉइल माझी होती.

"काच खाली करा," बायको म्हणाली.

"धूळ येईन. खोकला लागन तुले. दमामुळं वाटते तसं."

ती म्हणाली, "बरं. तुमालेच समजते."

हे तिनं विश्वासानं म्हटलं की टोचून, ते मला आजपर्यंत कळलं नाही. ती पुन्हा बोललीच नाही. बाळापूर मागं पडलं तेव्हा लेक ओरडली आणि तिनं स्वतःच काच खाली केली. मी आरशात बघितलं नाही. गाडी दामटली.

दवाखान्यात तिला आत नेलं. मला बाहेर थांबवलं. मी पायरीवर बसून समोर उभ्या गाडीकडे बघत होतो. तिच्याखालून पाणी निघालं. आधी थेंब, मग धार. बादली लवंडावी तसं पसरत पसरत ते माझ्या चपलेपर्यंत आलं. उठून डॅशबोर्डखाली हात घातला. पेटीचा पत्रा हाताला चिकटेल इतका गार होता. आत जाळी शिल्लकच नव्हती, नुसता बर्फाचा ठोकळा. वारा जाणार कुठून? ती खरं बोलत होती.

मी तसाच उभा होतो, ओल्या चपलांनी, तेवढ्यात लेक बाहेर आली. तिची आई गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदयच संपलं होतं, एसीनं फरक पडला नसता. लेकही तेच म्हणते. असेल. पण तिनं वारा मागितला होता आणि मी तिला, तुले वाटते तसं, असं म्हटलं होतं.

आता टॅक्सीवाले येतात, मोठ्या जाळीची कॉइल मागतात. मी बसवून देतो. तार लांब घेतो, खालच्या कोपऱ्यात खुपसतो. मग आतली हवा भादव्यासारखी ओली व्हावी म्हणून गाडीत ओली पोती पसरतो, काचा लावतो, मालकाला चालवायला सांगतो आणि स्वतः मागं बसतो, ती निजली होती तिथं. दोन तास. त्याशिवाय गाडी देत नाही.

परवा जानेफळचा एक टॅक्सीवाला वैतागला. "काका, एसी तपासता का माही गाडी सडवता? लय झालं न आता."

मी म्हटलं, "वारा कमी झाला."

"कुठं कमी झाला? येऊन राह्यला ना मस्त. तुमाले वाटते तसं."

"गाडी थांबव."

त्यानं थांबवली. मी खाली उतरलो, गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. बराच वेळ बघत राहिलो. थेंब थेंब पाणी पडत होतं, पडावं तेवढंच. डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीला हात लावला, वाराही पुरा होता.

पुन्हा मागं जाऊन बसलो. "चल," म्हटलं, "अजून एक तास."