बेशरमच्या रानातली विहीर

टायफॉइडमधून मी उठले तेव्हा न्हाणीघरापर्यंत जायलाही भिंत धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी मोकळ्या हवेत चाला, नाहीतर पाय असेच राहतील. तेव्हा आम्ही नागपुरात सक्करदऱ्याकडे राहायचो. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मोकळी हवा भरपूर होती, पण चालायला जागा नव्हती. आमच्या लेआउटच्या मधोमध एक मैदान सोडलेलं होतं. पूर्वी तिथे कुण्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, संत्र्याची बाग होती म्हणे. बाग तुटली, प्लॉट पडले आणि मधला तुकडा नकाशात बगीचा म्हणून राहिला. प्रत्यक्षात तिथे डोक्याच्या वर बेशरम माजली होती. ही जांभळट फुलांची झुडपं तोडून कुठेही फेकली तरी पुन्हा मूळ धरतात, म्हणून त्यांचं नाव ते. उरलेल्या जागेत गाजरगवत, घरोघरचा कचरा आणि डुकरं.

तरी मी तिथेच चालायला लागले. मधून एक पायवाट होती, तेवढीच. तिसऱ्या की चौथ्या सकाळी समोरून पांढऱ्या साडीतली एक बाई हातात काठी घेऊन आली. मागच्या गल्लीत भाड्यानं राहणारी सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून घरी निघाली होती.

"ताई, इथे काहून फिरून राहिल्या? कुत्रे आहेत."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुत्र्यांले काय माहीत, डॉक्टरनं सांगितलं म्हणून. चला, मी येतो तुमच्या संग."

आमच्याकडे बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. ती आली, आणि मग रोजच येऊ लागली. रात्रभर वॉर्डात उभी राहिलेली बाई, पण माझा हात धरून त्या वाटेवरून दोन-चार फेऱ्या मारल्याशिवाय घरी जायची नाही. माझ्याहून थोडी लहान, काटक, कमी बोलणारी. नवरा बदलीवर चंद्रपूरकडे होता, एक मुलगी शाळेत होती.

पायांत जोर आला तसं मला ते मैदान डाचायला लागलं. एवढी जागा आणि आम्ही एका पायवाटेवर अंग चोरून चालतो. मी तसं म्हटलं तेव्हा सिस्टर म्हणाली, "मग तोडू ना बेशरम. कोणाची वाट पाहून राहिलो आपण?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी विळे घेतले आणि सुरुवात केली. बेशरम तोडायला सोपी, पण मुळं खणून काढावी लागतात, आणि तोडलेलं सगळं वाळवून जाळावं लागतं. गाजरगवतानं कोपरापर्यंत हात सुजले. खाज थांबेना, तेव्हा सिस्टरनं कॅलामाइन आणून दिलं आणि अंगात नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालायला सांगितलं. साडीवर पुरुषी शर्ट घालून आम्ही मैदानात उतरलो की गच्च्यांवरून लोक बघायचे. दोन-तीन रविवार नुसतेच बघत राहिले. मग शेजारच्या घरातली एक बाई आली, तिच्यामागून तिची जाऊ आली. पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही दहा-बारा जणी झालो होतो. मोकळ्या झालेल्या तुकड्यावर मुलींनी खो-खोच्या रेघा आखल्या. आमच्या गल्लीतल्या मुली उघड्यावर पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

त्याच साफसफाईत पूर्वेच्या कोपऱ्यात विहीर सापडली. बांधीव, दगडी, बागेच्या काळातली. आत डोकावलं तर निर्माल्य, फुटके माठ, मूर्तींचे अवशेष, नारळाच्या शेंड्या आणि खाली कुठेतरी हिरवं पाणी. मुलं पडू नयेत म्हणून आम्ही तोंडावर काटेरी फांद्या टाकल्या आणि तेव्हा तेवढ्यावरच सोडलं.

पावसात झाडं लावली. कडुनिंब, करंज, जांभूळ, आवळा. रोपं सरकारी रोपवाटिकेतून आणली आणि बकऱ्यांसाठी प्रत्येकाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. हिवाळाभर ती छान वाढली. मी आता न थकता मैदानाला चक्कर मारू लागले होते.

होळी झाली आणि नागपूरचं ऊन आलं. नळाला सकाळी करंगळीएवढी धार, तीही थोडा वेळ. आम्ही घरातलं भांड्यांचं, कपड्यांचं पाणी साठवून बादल्यांनी नेऊ लागलो. एका सकाळी मी पिंपातलं चांगलं पाणी उपसताना नवऱ्यानं पाहिलं.

"प्यायला पाणी नाही आणि तू झाडांना घालते?"

"झाडं मरताहेत."

"मरू दे. तुझ्या बापाची बाग आहे का ती?"

मी बादली खाली ठेवली. तो रागाचा माणूस नव्हता. उकाड्यानं आणि टंचाईनं सगळ्यांचीच डोकी तापलेली असायची. आणि पाण्याबद्दलचं त्याचं म्हणणं खरं होतं. पण त्या दिवशी जांभळाच्या रोपाची पानं कागदासारखी करकरीत झालेली पाहिली आणि मी ठरवलं, घरचं पाणी नको, पण ही झाडं जगवायची. सिस्टर पाळीवरून आली तेव्हा तिनंही तेच मनात आणलं होतं.

"विहीर उपसू," ती म्हणाली.

रविवारी आम्ही सगळ्या विहिरीपाशी जमलो. हिरवं पाणी उन्हानं आटून आता तळाशी नुसता कचरा आणि गाळ दिसत होता. बायकांची गर्दी पाहून काही पुरुषही आले. त्यांत कोपऱ्यावरच्या घरातले काका होते. तहसील कचेरीतून पेन्शनीत निघालेले, लेआउटमध्ये सर्वांत जुने, शब्दाला मान असलेले. त्यांच्या घरी पूर्वी देवपूजेला याच विहिरीचं पाणी जायचं. गाळ काढायला हरकत नाही, असं ते म्हणाले, आणि आम्हाला बरं वाटलं. आत कोण उतरणार, असा प्रश्न निघाला. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कुणाची कंबर दुखत होती, कुणाला ऑफिस होतं.

"मी उतरीन," सिस्टर म्हणाली.

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही नको. दुसरं कुणी बघू."

"काहून नको?"

तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कारण कळलं होतं. सिस्टरचं घराणं छप्पन साली नागपुरात बौद्ध झालेलं. तिच्या घरातल्या भिंतीवरचा बुद्धाचा फोटो दारातून दिसायचा. आम्ही वर्षभर तिच्यासोबत एका डब्यातलं खाल्लं होतं, आणि आता विहिरीच्या काठावर एकमेकींची नजर चुकवत होतो.

"काका, मी विचारून राहिली, काहून नको?" आवाज चढवला नाही तिनं. फक्त हलली नाही.

"बाईमाणूस आहात. पडलात तर जबाबदारी कुणाची?"

"मग बाईमाणूस म्हणून नको म्हणता, एवढंच ना?"

"एवढंच," काका म्हणाले.

मी म्हटलं, "तसं असेल तर आम्ही सगळ्याच बाया आहोत. आमची जबाबदारी आम्ही घेतो. आज सिस्टर उतरेल, उद्या मी उतरीन." काका वळून घरी गेले. त्यांच्यामागून आणखी दोघे-तिघे गेले. काही बायकाही गेल्या.

आता पंचाईत दोराची झाली. आमच्याकडचा दोर कपडे वाळवायच्या कामाचा. काय करावं म्हणून उभ्या होतो, तेवढ्यात काकांच्या घराचं फाटक वाजलं. काकू येत होत्या. खांद्यावर जाड दोराचं वेटोळं, पदर कमरेला खोचलेला. काकूंचं माहेर काटोलकडचं, शेतकऱ्याचं. लेआउटमधल्या कुठल्याच भांडणात मी त्यांना कधी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "मोटेचा दोर आहे, बापाच्या घरचा. कंबरेले मी बांधतो, कोणाले हात लावू देऊ नका." सिस्टरला म्हणाल्या, "इकडे ये वं."

त्यांनी तिच्या कमरेला गाठ बांधली, ओढून पाहिली, सोडून पुन्हा बांधली. आधी कंदील पेटवून खाली सोडला. तो तळाशी जळत राहिला, म्हणजे हवा चांगली होती. मग सिस्टरनं साडीचा काचा मारला, वर शर्ट घातला आणि दगडांच्या खोबणीत पाय ठेवत खाली गेली. दोराचं दुसरं टोक काकूंनी बागेच्या काळातल्या जुन्या कडुनिंबाच्या खोडाला वेढा देऊन हातात धरलं होतं. त्यांच्यामागे मी. काकांच्या व्हरांड्यातून हे सगळं दिसत असणार. काकूंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

घमेलं खाली जायचं, भरून वर यायचं. पहिले काही दिवस नुसता कचराच आला. मग काळा, वास मारणारा गाळ. पहाट फुटली की सुरू करायचो आणि ऊन खाऊ लागलं की थांबायचो. गेलेल्या बायकांपैकी एक-एक परत आली. आली ती घमेल्याच्या रांगेतच उभी राहिली. नवराही एका सकाळी आला. बराच वेळ नुसता पाहत होता, मग माझ्या हातातला दोर घेतला.

सिस्टरच्या हातांना फोड आले. नर्सचे हात, तिला कामावर त्यांची गरज होती. मी म्हटलं, आता माझी पाळी. काकूंनी माझ्या कमरेला तशीच गाठ मारली. उतरताना मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. अर्ध्या वाटेत एका खोबणीवरून पाय सुटला आणि दोरानं मला पोटाशी आवळून धरलं. वरून काकूंचा आवाज आला, "धरलं आहे मी. घाई नको करू." मग मी उतरले. तळाशी गुडघाभर चिखल होता आणि इतका गारवा की अंगावर काटा आला. फावडं मारताना एका ठिकाणी दगडांच्या फटीतून स्वच्छ पाणी झिरपताना दिसलं. मी ओंजळ धरली. तेच पाणी थोडं घमेल्यात भरून वर पाठवलं.

मृगाच्या आधीच विहिरीत पुरुषभर पाणी झालं. रहाट बसवला. काही रोपं गेली होती, पण बरीच वाचली; जांभळाला बुडापासून नवी पालवी फुटली. काकांनी त्या विहिरीचं पाणी पुन्हा कधी घरात घेतलं नाही. काकूंनी मात्र तुळशीला तेच घातलं. त्यावरून त्यांच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. काकूंनी कधी सांगितलं नाही, आणि त्या उन्हाळ्यापासून आमच्यासोबत सुरू केलेलं सकाळचं फिरणंही कधी चुकवलं नाही.

एकदा पाणी ओढता ओढता सिस्टरनं मला तिच्या आईची गोष्ट सांगितली. गावात तिची आई विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायची. येणाऱ्याजाणाऱ्यापैकी कुणी ओतलं तर पाणी, नाही तर तशीच परत.

"म्हणून तू उतरली का?" मी विचारलं. आम्ही तोवर अगं-तुगंवर आलो होतो.

तिनं बादली काठावर टेकवली. "नाही वं. झाडं मरून राहिली होती, म्हणून उतरली." बादली पुन्हा उचलत म्हणाली, "पण उतरताना आई आठवली."

दोन वर्षांनी विहीर बुजवायची भाषा सुरू झाली. उघडी विहीर धोक्याची, असं कार्पोरेशनच्या एका साहेबानं येऊन सांगितलं, आणि मलबा टाकायला गाड्या येतील म्हणाला. मी, सिस्टर आणि काकू तिघी त्याच्या ऑफिसात गेलो. धोका असेल तर लोखंडी जाळी बसवा, असं आमचं म्हणणं होतं. साहेब जेवायला गेले होते. पुढच्या वेळी दौऱ्यावर होते. मग आम्ही डबा घेऊनच जाऊ लागलो आणि त्यांच्या दारापुढच्या बाकावर बसून जेवू लागलो. शेवटी त्यांनी वैतागून विचारलं, "तुम्हाला घरी कामं नाहीत का?"

"आहेत ना," काकू म्हणाल्या. "ते करूनच येतो."

पावसाळ्यापूर्वी जाळी बसली. गाड्या आल्या नाहीत. सिस्टरची नंतर चंद्रपूरला बदली झाली. जायच्या आदल्या सकाळी मला वाटलं होतं, आज नुसतं बसून बोलू. ती आली ती हातात टिकास घेऊन. उत्तरेकडच्या मुरमाड पट्ट्यात अजून एकही झाड नव्हतं. तिथे खड्डे खणायचे राहिले होते. आम्ही ऊन चढेपर्यंत खणत राहिलो.