मोठ्या बाईंचा रिकाम्या हातांचा प्रवास

गाडीची शिटी झाली की मोठ्या बाईंच्या हातातलं काम थांबायचं. मग भाकर तव्यावर असो, नाहीतर म्हशीची धार अर्धी राहिलेली असो. आमच्या घरामागच्या शेतापलीकडून कारंज्याची छोटी गाडी जायची. तिचा धूर दिसेनासा होईपर्यंत त्या परसात उभ्या राहत. गाडीच्या वेळेची भाकर आमच्याकडे करपलेलीच असायची, आणि मामाजी, म्हणजे आमचे सासरे, ती मुकाट्याने खायचे.

मोठ्या बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. मी नवी होते आणि कोणासमोर तोंड उघडत नव्हते. माझ्या वाटचं बोलणं त्याच उरकून घेत. इंजिनाला त्या ‘म्हातारी’ म्हणायच्या. "आज म्हातारीचा दमा वाढला, आयक," असं मला सांगायच्या. मी मान हलवायची. मला सगळ्या शिट्या सारख्याच वाटत.

गाडीत त्या कधी बसल्याच नव्हत्या असं नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा बसल्या होत्या, पण पदर इतका खाली ओढलेला की स्वतःच्या पायांशिवाय काही दिसलं नाही. वडील गेले तेव्हा डोळे पाण्याने भरलेले. बहिणीच्या बाळंतपणाला निघाल्या तेव्हा मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, सगळं लक्ष डब्यात. "एकडाव असं जायाचं हाय," त्या म्हणायच्या, "का कोणाचं लगन नाई, कोणी बाळंत नाई, अन् कोणी मेलं बी नाई."

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी गावात बातमी आली की कोळशाचं हे जुनं इंजिन आता काढून टाकणार. त्या दिवशी मोठ्या बाई सरळ मामाजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराआड.

"मामाजी, मी अन् धाकटी गाडीत बसून येतो."

"कोणाकडं?"

"कोणाकडंच नाई. दारव्ह्यापर्यंत जातो अन् वापस येतो."

मामाजींनी सुपारी गालात सरकवली. "मंग जाता कायले?"

"म्हातारीले पाहाले."

"घरात एक म्हातारा बसला हाय, त्याले कोणी पायत नाई," मामाजी म्हणाले. "जा. पण एकडावच."

निघताना मी पिशवी घेतली. मोठ्या बाईंनी ती खुंटीला परत अडकवली. "पिशवी घेतली का कोणाकडं तरी जाणं झालं. मोकळ्या हातानं चाल." चार शेंगदाणेसुद्धा घेऊ दिले नाहीत.

स्टेशनवर त्या आधी इंजिनाजवळ गेल्या आणि पाव्हण्या बाईला न्याहाळावं तसं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काळी हाय, पण अंगानं भरली हाय," एवढंच बोलल्या. खिडकीपाशी बसल्या त्या इंजिनाकडे तोंड करून. डोळ्यांत कोळशाची कणी गेली तरी डोळा मिटेनात. पळसाची झाडं, बैलगाड्या, दूरवरचा एक तांडा, सगळं मला बोटाने दाखवत होत्या, जसं काही ते त्यांनीच तिथे मांडून ठेवलं होतं. गाडी इतकी सावकाश, की एक माणूस बोलत बोलत बाजूने चालत होता. "तिचं वय पाय," मोठ्या बाई म्हणाल्या, "त्या मानानं धावूनच राह्यली."

पुढच्या एका स्टेशनच्या नळावर आत्याबाई पाणी भरत होत्या. आत्याबाई म्हणजे मामाजींची बहीण. त्यांनी खिडकीत आम्हा दोघींना पाहिलं. सोबत पुरुष नाही, हातात पिशवी नाही. आमच्याकडे असं रिकाम्या हाताने बाया एकाच कामाला जातात. आत्याबाईंनी कळशी तिथेच टाकली आणि हंबरडा फोडत डब्यात चढल्या.

"माह्या दादा रे! मले न सांगता गेला रे!"

"आत्याबाई, मामाजी चांगले हायेत! सकाळी दोन भाकरी खाल्ल्या!"

"करपलेल्या असतीन वं! त्याच त्याले भोवल्या!"

तेवढ्यात गाडी सुटली. डब्यातल्या बायांनी आत्याबाईंना मधे घेतलं, पाणी पाजलं, आणि न रडणाऱ्या सुनांकडे असं पाहिलं की मी लाजून पदरच तोंडावर घेतला. मोठ्या बाई शपथा घेऊन थकल्या. "लपवू नको वं पोरी," आत्याबाई हुंदके देत होत्या, आणि मधेच, "माही कळशी कोणी नेली नसंन ना?" मोठ्या बाईंनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मात एकदा मिळालेल्या गाडीत शेवटी मयत येऊन बसलंच होतं.

दारव्ह्याहून परत येताना आत्याबाईंचं रडणं दमलं. त्या खिडकीशी सरकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काहून वं, ही झाडं अशी गरगर फिरतात?" मोठ्या बाईंनी आपली जागा त्यांना दिली. नळाजवळच्या हमालाने कळशी खिडकीतून आत दिली. ती मांडीवर घेऊन आत्याबाई आमच्या घरापर्यंत आल्या, आणि ओट्यावर बसलेल्या भावाला पाहून पुन्हा पहिल्यापासून रडल्या.

"मी हावो ना अजून!" मामाजी ओरडले. मग आम्हाला म्हणाले, "आता कोणी मेल्याबिगर गाडीत बसाचं नाई."

मोठ्या बाईंनी तो शब्द पाळला. शिटी झाली की परसात मात्र उभ्या राहत. इंजिन काढणार ही बातमी खोटीच निघाली. ते चालतच राहिलं. मामाजी गेले. पुढे मोठ्या बाई लेकाकडे यवतमाळला राहायला गेल्या, आणि तिथूनच एके दिवशी त्या गेल्याचा निरोप आला.

आमचे हे आदल्या गाडीने पुढे गेले होते. मी एकटीच निघाले, रिकाम्या हाताने. इंजिनाकडे तोंड करून खिडकीपाशी बसले. समोरच्या बाईने माझ्या हातांकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, बाई?"

अनोळखी माणसाशी मी कधी बोलत नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून आवाज निघाला.

"कोणीच नाई. गाडीत बसाले आली."