फादर दारं धरतात

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या हेडमास्तर फादरांइतका हट्टी माणूस बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत आजवर झाला नाही आणि यापुढे होणार नाही. कोणाची हरकत असल्यास खुशाल नोंदवावी. मी ऐकणार नाही.

तीस सालानंतरची ती वर्षे. बारामतीची मिशनची शाळा आधी पत्र्याच्या दोन खोल्यांत भरायची. फादर आले आणि बघता बघता तिच्यावर मजला चढला, बोर्डिंग झाले, चर्चला घंटा आली, मॅट्रिकचा वर्ग निघाला. नाताळात बोर्डिंगची मुले करंज्या तळत आणि आम्ही शेतकऱ्यांची हिंदू पोरे त्या हक्काने खायला जात असू. हे सारे उभे करणारा माणूस बर्फाच्या मुलखातला, सहा फूट उंच, लाल तोंडाचा, पायघोळ पांढऱ्या झग्यातला. मराठी मात्र बैलगाडीवाल्यांकडून शिकलेला. पुण्याहून आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांना ते म्हणाले, "बसा की राव, घाई काय हाय?" तेव्हा सगळे मास्तर भिंतीकडे तोंड करून खोकू लागले. प्रत्येक पोराच्या बैलांची नावे त्यांना पाठ. काटेवाडीच्या मुलाला आधी सर्जाची तब्येत विचारीत, मग भूमिती.

पण त्यांचे खरे वैर गैरहजेरीशी. रानात काम निघाले म्हणून मुलगा आला नाही, की फादर सायकलवरून त्याच्या रानात हजर! उपदेश नाही, दटावणी नाही. झगा वर खोचायचा, मुलाच्या हातातले काम घ्यायचे आणि त्याला शाळेत पिटाळायचे. या माणसाने काटेवाडीत मोट हाकली आहे आणि इंदापूरच्या रस्त्याला गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ घातला आहे.

मी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होतो. आमचे रान पिंपळीला. त्या साली वार्षिक परीक्षा आणि कालव्याच्या पाण्याची आमची पाळी नेमकी एकाच दिवशी आली. पाळी चुकली तर ऊस वाळणार. माझे वडील, आबा, म्हणाले, "ऱ्हाऊ दे परीक्षा. शाळा बी आता बास झाली." मी गोठ्यात जाऊन रडलो. कुणी सांगितले कोण जाणे, पण पाळीच्या दिवशी सकाळी बांधावर सायकल टेकवलेली आणि फादर हातात खोरे घेऊन उभे.

"आबा, पोरगं परीक्षंला जाऊ द्या. दारं मी धरतो."

दारं धरायची म्हणजे एक सरी भरली की पाणी तोडून दुसरीत सोडायचे. फादर ते असे करू लागले की आबा तोंडात बोट घालून पाहत राहिले आणि निर्धास्तपणे भाकरी आणायला घरी गेले.

बारा वाजले. वारा आमच्या बाजूचा होता. चर्चची घंटा ऐकू आली. या घंटेला फादर असतील तिथे डोळे मिटून प्रार्थना करीत. प्रार्थना दोन मिनिटांची. पण परीक्षेचा दिवस, म्हणून त्यांनी पुढे शाळेतल्या एकेका पोराचे नाव घ्यायला सुरुवात केली. सरी भरली, बांध फुटला, पाणी शेजारच्या तात्यांच्या कांद्यात शिरले. तात्या खोरे उगारून धावत आले.

"अवो फादर, डोळं उघडा! कांदा बुडाला माजा!"

नेमके तेव्हाच फादरांच्या ओठांवर तात्यांच्या रामूचे नाव आले. उगारलेले खोरे खाली आले. तात्यांनी हात जोडले. आबा भाकरी घेऊन परतले तेव्हा दोघे घोटाभर पाण्यात उभे, आणि कांदे दिसेनासे झालेले. आबाही भाकरी बांधावर ठेवून हात जोडून उभे राहिले. तिकडे मी इतिहासाच्या पेपरात पानिपताशी झटत होतो. इकडे माझे नाव आले.

फादर पुढे आपल्या मुलखात परतले, ते कायमचेच. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे. दुपारचे बारा वाजले की वाटते, आता आपले नाव कोण घेत असेल?

तर त्या दिवशी रानात नावे संपली. फादरांनी डोळे उघडले, खाली पाहिले आणि त्यांचा लाल चेहरा पांढराफटक पडला. उपरण्याने डोळे पुसत आबा एकदम बोलून गेले, "फादर, पोरगं तुमचं! मॅट्रिक हुईस्तवर शाळंतच ठेवा. पर पाया पडतो, पुन्यांदा दारं धराया येऊ नगा!"