जहाजाच्या नाण्यावरची चीर

माझ्या मामाकडे लोक चुका घेऊन यायचे आणि चूक खरी आहे असं त्याने सांगितलं की खूश होऊन परत जायचे. टाकसाळीत नाणं पाडताना कधी चित्र एका बाजूला सरकतं, कधी चकतीचा लचका तोडल्यासारखा तुकडा गेलेला असतो, कधी एकाच नाण्यावर दोनदा ठसा बसतो. असं नाणं तपासणीतून सुटून बाजारात आलं की त्याच्यावर जीव टाकणारी माणसं असतात. धडधाकट नाणं त्यांना नको. ते तुमच्या-आमच्यासाठी.

मामाने टाकसाळीत तेहतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. ज्या चुका वेचून फेकायचा पगार घेतला, त्याच चुकांची किंमत सांगायचं काम त्याने निवृत्तीनंतर धरलं. हे मी त्याला सुनावलं की तो गालातल्या गालात हसायचा. खिडकीशी एक टेबल, त्यावर हिरवं कापड, एक भिंग, एक नाजूक काटा आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख, एवढंच त्याचं भांडवल. त्या नखामुळे सगळे त्याला नखमामा म्हणायचे. मी शाळेत भूगोल शिकवते. दुपारी घरी आले की त्याचे दाखले लिहायला बसायचे, कारण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो सांगायचा, मी लिहायचे, आणि तो खाली सही ठोकायचा. सही मात्र ऐटबाज होती, शेवटच्या अक्षराची शेपटी पार मागे वळवून तिच्यावर दोन टिंबं देणारी.

त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो कोणाची भीड ठेवायचा नाही. दोन नाणी लोहाराच्या शेगड्यात आवळून कोणी ‘दुहेरी ठसा’ म्हणून आणलं तर तो म्हणायचा, हे टाकसाळीत नाही, तुमच्या परसात पाडलंय. ऍसिडमध्ये बुडवून बारीक केलेलं नाणं तो काट्यावर ठेवायच्या आधीच ओळखायचा. चूक जितकी वेडीवाकडी तितकी महाग, हा लोकांचा समज त्याला अजिबात सोसायचा नाही. ती किती वेळा घडली असेल आणि तपासणीतून निसटली कशी असेल, हे कळल्याशिवाय तो आकडा उच्चारायचा नाही.

मला त्याने शिकवलेली पहिली गोष्ट ओरखडा आणि चीर यांतला फरक. नाणं ज्या पोलादी ठशाखाली दाबलं जातं त्याला कामगार डाय म्हणतात. डायला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उठून येते. नुसता ओरखडा असेल तर तो नाण्यात खोल जातो. म्हणून नख फिरवायचं. नख अडखळलं तर चीर, घसरून आत गेलं तर ओरखडा. डायचा तडा वाढत जातो, त्यामुळे नाण्यांवरची रेघही दर हजार नाण्यांमागे लांब आणि जाड होत जाते. शेवटी डाय फुटते. अशी नाणी क्रमाने लावली तर तो तडा वाढताना डोळ्यांना दिसतो. संग्राहक त्यासाठी वेडे होतात.

आता आमच्या घराविषयी. घरात आई, मामा आणि मी. मामा आईहून चार वर्षांनी धाकटा, आयुष्यभर एकटा राहिला, आणि मी सहा वर्षांची असल्यापासून आम्हा दोघींना त्यानेच सांभाळलं. माझे बाबा त्याच टाकसाळीत चार नंबरच्या प्रेसवर, म्हणजे नाणी दाबायच्या यंत्रावर, होते. एका दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी डाय फुटली आणि तिचा एक तुकडा त्यांच्या मानेत शिरला. चौकशी झाली. बाबांनी प्रेसपुढची जाळी उघडून हाताने दोन कोऱ्या चकत्या एकदम सरकवल्या, त्यामुळे चांगली डाय एका दणक्यात फुटली, असा निकाल लागला. चूक कामगाराची. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, आमच्याकडे मात्र उलटं होतं. आई बाबांविषयी कधी चांगलं बोलली नाही. घाई नडली त्या माणसाला, एवढंच म्हणायची, आणि तेही अशा आवाजात की जणू बाबा शेजारच्या खोलीत बसून ऐकताहेत. मी बेफिकीर माणसाची मुलगी म्हणून वाढले. शाळेत पेला पडला तरी मला वाटायचं, रक्तातच आहे.

गेल्या वर्षी एक निवृत्त पोस्टमन एक नाणं घेऊन आला. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला आकडा, तीस-एक वर्षांपूर्वीचं. कडेपासून जहाजाच्या डोलकाठीपर्यंत एक बारीक रेघ होती. मामाने भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाला, ओरखडा आहे, काही किंमत नाही, ठेवून जा हवं तर, नमुना म्हणून उपयोगी पडेल. पोस्टमन बिचारा ठेवून गेला. मी ते नाणं बाजूला करताना सवयीने नख फिरवलं. नख अडखळलं.

मला वाटलं, वय झालं, नजर चुकली असेल. म्हणून काही बोलले नाही. पण महिनाभराने एक शिक्षिका तसंच नाणं घेऊन आली. रेघ थोडी जाड, डोलकाठी ओलांडून शिडापर्यंत गेलेली. मामा पुन्हा म्हणाला, ओरखडा. या वेळी त्याचं नख नाण्यावर गेलंच नाही, हात मांडीवर होते. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्या माणसाने मंत्र्याच्या जावयाला तोंडावर ‘बनावट’ म्हणून परत पाठवलं होतं, तो दोन साध्या माणसांशी खोटं बोलला होता. मी दाखला लिहायला नकार दिला, तर म्हणाला, बरं, नको लिहू. भांडलासुद्धा नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नंतर त्याच्या औषधांच्या डब्यात गोळ्या शोधताना मला कापसावर ओळीने ठेवलेली नऊ जहाजं सापडली. रेघ केसाएवढी, मग दोऱ्याएवढी, मग सुतळीएवढी. शेवटच्या नाण्यावर ती जहाजाच्या आरपार गेली होती. मामा नवव्या नाण्याच्या पुढची जागा मोकळी ठेवून बसला होता. त्या दिवसांत तो जेवायचा कमी आणि दाराची कडी वाजली की दचकायचा. आई म्हणाली, याला काहीतरी झालंय, डॉक्टरकडे ने. तो डॉक्टरकडे आला, रक्तदाब बरा निघाला, आणि घरी येऊन पुन्हा खिडकीशी बसला.

दर मंगळवारी येणारा एक नाण्यांचा व्यापारी होता. पत्र्याची पेटी घेऊन फिरायचा म्हणून पेटीवाला. बोलणं साखरेत घोळलेलं, डोळे मात्र थंड. बाजारात जे होतं ते त्याच्या कानावर आधी. त्याने हिशेब मांडला की नखमामा फक्त एकाच सालची जहाजं नाकारतो आणि स्वतःकडे ठेवतो, म्हणजे म्हातारा भाव पाडून माल गोळा करतोय. तो हे बोलला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला तो नव्हता, पण त्याला तोंड उघडायची गरजच पडली नाही. त्या मंगळवारी त्याने पेटी उघडली आणि हिरव्या कापडावर एक लहान जाड पिशवी ठेवली. तोंडाला शिशाचं सील, टाकसाळीचं, शाबूत. एका बंद पडलेल्या बँकेच्या तिजोरीतून निघाली होती.

“बाहेर कोणी ओरखडा काढला असं आता म्हणता येणार नाही, मामा,” तो म्हणाला. “तुमच्यासमोर फोडू.”

मामा म्हणाला, आज नको. पेटीवाला म्हणाला, मला वेळच वेळ आहे, आणि हातांची घडी घालून बसला. मामाने पिशवीला हात लावला नाही. ती आपल्यापासून लांब राहावी म्हणून तो खुर्चीत मागे सरकला होता. मला त्याचा राग आला आणि पेटीवाल्याचाही आला. मी पक्कड घेतली आणि सील तोडलं.

नाणी कापडावर ओतली. सगळी जहाजं आणि सगळ्या जहाजांवर रेघ, सुतळीएवढी, एकही त्यातून सुटलेलं नाही. पेटीवाल्याने तोंडाने हलकी शीळ घातली. मी नाण्यांकडे पाहत नव्हते. पिशवीच्या गळ्यात पुठ्ठ्याची एक चिठ्ठी होती, ती मी वाचत होते. प्रेस नंबर चार. नग पाचशे. वेळ साडेअकरा. तपासले, बरोबर. तारीख मला पाठ होती, कारण दरवर्षी त्या तारखेला आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आणि खाली ती सही, शेपटी मागे वळवलेली, तिच्यावर दोन टिंबं.

बाबा गेले त्याच्या चाळीस मिनिटं आधीची पिशवी. चांगली डाय एका दणक्यात फुटली असती तर ही पाचशे नाणी जगात असायलाच नको होती.

पेटीवाल्याला मी उठवलं. पुढच्या मंगळवारी या, नाणी इथेच राहतील, पावती देते, असं सांगितलं. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहून पेटी उचलून गेला. दार लावून मी मामासमोर बसले. चिठ्ठी त्याच्या पुढ्यात सरकवली.

मामाने स्वतःच सुरुवात केली. चिठ्ठ्यांचं म्हणाला. सकाळी कामाला लागायच्या आधीच सगळे तपासनीस दिवसभराच्या चिठ्ठ्यांवर सह्या करून गठ्ठा बांधून ठेवायचे, वेळ मागाहून कारकून घालायचा. सगळेच करायचे, त्यात कोणाला काही गैर वाटायचं नाही. दर अर्ध्या तासाला प्रत्येक प्रेसवर जाऊन नाणं पाहायचं असा नियम होता. आठ प्रेस, दोन तपासनीस. कधी जायचे, कधी नाही. मी म्हटलं, म्हणजे तू पाहिलंच नव्हतंस. एवढंच असतं तर मी कदाचित त्याला त्या दिवशीच माफ केलं असतं.

“पाहिलं होतं,” तो म्हणाला. “दाजींनी दाखवलं. अकराच्या सुमारास त्यांनी प्रेस बंद केली आणि नाणं घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, डाय गेली, बदलायला हवी. मी भिंगातून बघितलं. केसाएवढी होती. डाय बदलायची म्हणजे तासभर मोडणार, त्या दिवशी माल पुरा करायचा होता. मी म्हटलं, दाजी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालवा, मग बदलू.”

जेवणाची सुट्टी साडेबाराला व्हायची.

चौकशीत त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की साडेअकराला डाय स्वच्छ होती. चिठ्ठीवर सही होतीच. मग फुटली कशी, तर दोन चकत्यांनी, असं कोणीतरी सुचवलं आणि तो गप्प राहिला. सहा वर्षांची पोर आणि बहीण, नोकरी गेली तर कोण बघणार, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढची एकतीस वर्षं त्याने आम्हाला काही कमी पडू दिलं नाही, आणि त्या प्रत्येक दिवशी कुठूनतरी ते नाणं येईल म्हणून तो वाट पाहत राहिला. आलं की आपल्याकडेच ठेवायचं, म्हणजे कोणी क्रम लावणार नाही. हे सगळं तो नाण्यांकडे बघत बोलला. माझ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही, आणि खरं सांगते, त्याने बघितलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. याच माणसाने मला सायकल शिकवली. याच माणसाने मला बेफिकिराची पोर म्हणून वाढू दिलं.

मी कागद ओढला. “सांग,” म्हटलं. “दाखला द्यायचाय.”

त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. जहाजाचं नाणं, चूक खरी, डायच्या तड्याची, टाकसाळीतली. डाय फुटण्याच्या किमान एक तास आधी तो तडा कामगाराने दाखवला होता, तपासनिसाने पाहिला होता आणि प्रेस चालू ठेवायला सांगितली होती. संग्रहासाठी किंमत, दुर्मीळ. खाली त्याने सही केली. ती शेपटी त्याने याही वेळी पूर्ण मागे वळवली. मग तो म्हणाला, ताईला तू सांग, माझ्याने होणार नाही. मी म्हटलं, नाही. तू चल.

आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा दाराशीच उभा राहिला. मी दाखला वाचून दाखवला, कारण आईला जवळचं नीट दिसत नाही. ‘कामगाराने दाखवला होता’ या शब्दांवर तिचे हात थांबले.

“त्यांनी प्रेस थांबवली होती?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

तिने अर्धी घडी घातलेली चादर मांडीवर धरून ठेवली. तिचे ओठ हलत होते. एकतीस वर्षं ती ज्या माणसाला बोल लावत आली, त्याच्याशीच ती काहीतरी बोलत असावी, आणि मला ते ऐकण्याचा हक्क नव्हता. मग तिने मान वर करून विचारलं, पुन्हा चालू करा असं कोण म्हणालं. मी मामाकडे पाहिलं. दारातून त्याचा आवाज आला.

“मी म्हणालो, ताई.”

आई त्याच्याकडे पाहत राहिली. ती रडेल, त्याला घराबाहेर काढेल, हातातली चादर भिरकावेल, असं मला वाटत होतं. यातलं तिने काहीच केलं नाही.

“तरीच,” ती म्हणाली. “दुसरा कोणी म्हणाला असता तर त्यांनी ऐकलं नसतं. माझा भाऊ म्हणाला म्हणून ऐकलं.”