दोन बोटं

नगरच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा सामना ऐन रंगात आला होता आणि मी, त्या सामन्याचा पंच, जामखेडच्या कोचला मान हलवून शौचाला जायची परवानगी दिली. त्याने ती मागितलीच नव्हती.

नव्वदच्या दशकात शाळेची मास्तरकी सांभाळून मी पंचगिरी करायचो. कोचने पंचाला ‘सर’ म्हणायचं, एवढा साधा रिवाज. पण जामखेडचा कोच पडला माझा धाकटा मेहुणा. त्या दिवशी दुसरा पंच मिळेना, म्हणून मलाच उभं राहावं लागलं. सकाळीच त्याला दम भरला होता, की मैदानात ‘दाजी’ म्हणालास तर बाकावरून उठवून बाहेर काढीन. बिचाऱ्याने तोंडच शिवून घेतलं.

शेवटचं मिनिट. जामखेड दोन गुणांनी मागे. त्यांच्या पोरीने संगमनेरची उरलेली एकुलती एक खेळाडू बाद केली. समोरचा अख्खा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण जादा. मी पोरीचा एक गुण दिला आणि लोण साफ विसरलो.

मेहुण्याने दोन बोटं वर केली. मास्तरला दोन बोटांचा एकच अर्थ ठाऊक. मी मानेनेच म्हटलं, जा. त्याने बोटं आणखी उंच केली. मी खुणावलं, लवकर ये.

“दाजी, मला न्हाई जायचं. लोणाचे दोन ऱ्हायले.”

मैदान खदाखदा हसलं. द्यावे, तर मेहुण्याने सांगितलं म्हणून संगमनेरला हरवलं, असं होणार. न द्यावे, तर त्याच्या पोरींचा कमावलेला सामना माझ्यापायी जाणार. शिट्टी तोंडात, पण फुंकर निघेना. तेवढ्यात संगमनेरचे वयस्कर कोच उठून रेषेपाशी आले. आता भांडण, म्हणून मी पाय रोवले.

“द्या की दाजी. माझ्या साती पोरी भाईर हायेत, मला दिसत्यात. मेव्हन्याचं तोंड कशाला बघता?”

दिले. संगमनेर एका गुणाने हरलं. संध्याकाळपर्यंत झाडून सगळे कोच मला दाजी म्हणत होते. ‘ओ दाजी, जरा रेषा बघा’, ‘दाजी, चहा घेता का?’

घरी बायकोला सगळं सांगितलं, बोटांचा भाग तेवढा गाळून. पण मेहुणा माझ्याआधीच येऊन पानावर बसलेला. त्याला वाढता वाढता ती म्हणाली, “जिल्हाभर भाऊ करून ठेवलेत मला. आता भाऊबीजेला पाट किती मांडू, तेही बोटांनीच सांगा.”