मोराच्या घागरी आणि टँकरची घंटी

आमच्या वस्तीत फुकट मिळणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, ऊन आणि सल्ला. त्यामुळे डाळमिलच्या बंद गोदामात कुणी सर येऊन पोरापोरींना फुकट चित्रकला आणि रेडिओ दुरुस्ती शिकवणार आहेत, हे कळलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. माझी माय तर म्हणाली, "फुकट शिकवतोय म्हंजी त्यालाच येत नसंल."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. काल-परवापर्यंत आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. आता रोज कुठलं तरी नवं ऑफिस उघडायचं, नव्या जीपगाड्या धुरळा उडवत जायच्या आणि भिंतीभिंतीवर निळ्या रंगाने 'जिल्हा लातूर' चढायचं. थाट मोठा होता, पण नळाला पाणी नव्हतं. पाऊस रुसला होता, विहिरींनी तळ दाखवला होता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी आमच्या नव्या जिल्ह्याची गत.

सर नांदेडकडचे, हदगावचे. नांदेडला डिप्लोमा करून लातुरात कुठल्याशा ऑफिसात विजेच्या कामावर लागले होते. दुपारी सुटले की सायकलवर एक पत्र्याची पेटी बांधून आमच्याकडे यायचे. पेटीत अर्धे रंग आणि अर्ध्या तारा. ते "काय करून राहिले बे तुम्ही?" असं विचारायचे आणि आम्ही पोरी तोंडाला ओढणी लावून खिदळायचो. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. पहिला आठवडा आम्ही शिकायला कमी आणि त्यांची भाषा ऐकायलाच जास्त गेलो.

मग मला एकदा त्यांनी सोल्डरिंगची कांडी हातात दिली. कांडी तापली, कथील वितळलं, दोन तारा एक झाल्या आणि मेलेला रेडिओ खरखरायला लागला. मी मोठ्याने ओरडले. भूत दिसल्यावर ओरडतात तशी. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. जेवताना, झोपताना, चूल पेटवताना तारा. माझ्या हाताला असं काही येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आतापर्यंत माझ्या हातांचा उपयोग एकच होता, घागर धरणं.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

वस्तीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड होतं. टँकर तिथे यायचा. कधी यायचा हे टँकरलाही माहीत नसावं, पण बहुतेक दुपारी, नेमका शिकवणीच्या वेळेला. बा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाल, माय रोजगार हमीवर खडी फोडायला. दोघं सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. म्हणजे पाण्याची मालकीण मी.

आमच्या रांगेचा कायदा असा होता की घागर ठेवली म्हणजे माणूस उभं आहे असं धरायचं. सकाळीच घागरी लिंबाखाली नेऊन ठेवायच्या आणि आपण खुशाल कामाला लागायचं. कुणी हलवणार नाही. पण टँकरचा पाइप तुमच्या घागरीपाशी पोचला आणि तुम्ही तिथे नसलात, की घागर उचलून रांगेच्या शेवटी. शेवटी म्हणजे त्या दिवशी कोरडी. यात वशिला नाही, माया नाही. पोटुशी बाईसुद्धा धावत यायची.

एके दिवशी मी गोदामात एका ट्रान्झिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते आणि टँकर येऊन गेला. संध्याकाळी मायने घागर वाजवून पाहिली. खणखणली. ती मारेल असं वाटलं होतं, पण ती नुसती भिंतीला टेकून बसली. दिवसभर खडी फोडून आलेली, पाय धुवायलाही पाणी नव्हतं. मग शांतपणे म्हणाली, "आजून एक डाव टँकर हुकला की शिकवणी बंद. पुना नाव काडायचं न्हाई."

ओरडली असती तर मी उलट बोलले असते. मला ते येतं. पण शांत बोलली, तेव्हा मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की मी काही आता येत नाही. त्यांनी विचारलं, का? मी सांगितलं. तर आणखी चार पोरींनी माना खाली घातल्या. सगळ्यांच्या घरी तेच चाललं होतं. त्यात रांगेत नवीच भांडणं. घागरी सगळ्या सारख्या, ही माझी का तुझी यावरून केस ओढण्यापर्यंत मजल जायची. सर थोडा वेळ पेन्सिल चावत बसले आणि म्हणाले, "आधी घागरी ओळखू आल्या पाहिजेत. मग टँकर आल्याचं कळलं पाहिजे. दोन्ही कामं आपल्याच पेटीतली आहेत."

पहिलं काम रंगाचं. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून उरलेला निळा ऑइलपेंट आणला आणि ज्याने त्याने आपल्या घरच्या घागरीवर चित्र काढायचं असं ठरलं. आता सरांनी तोवर आम्हाला चित्र शिकवलं होतं एकच, मोर. त्यांना स्वतःला तेवढंच नीट यायचं असा माझा आजही संशय आहे. तेव्हा सगळ्यांनी मन लावून, जीव ओतून, मोरच काढले. माझा मोर जरा कोंबडीच्या अंगाने गेला होता, बाकी सगळे अगदी सरांसारखे. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली निळ्या मोरांची रांग लागली आणि भांडणं दुप्पट झाली. आधी निदान घागरीचे पोचे पाहून ओळख पटायची. आता ते पोचेही मोरांच्या पिसाऱ्यात लपले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! सर दोन दिवस वस्तीतून मान खाली घालून सायकल हाणत होते.

दुसरं काम मात्र फत्ते झालं. टँकर ज्या वळणावरून आत यायचा तिथे एका अप्पांचं चहाचं हॉटेल होतं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, पहाटेपासून गल्ल्यावर बसलेले. त्यांच्या गल्ल्याशेजारी एक बटण बसवायचं, तिथून पत्र्यांवरून तार आणायची, आणि गोदामात घंटी. अप्पांना टँकर दिसला की बटण दाबतील, आम्ही घंटी ऐकून धावू. टँकर वळणावरून लिंबापर्यंत खड्ड्यांतून डुलत येईतो आम्ही घागरींजवळ.

तार मंडपवाल्याची टाकून दिलेली, तुकड्यातुकड्यांची. एकेक जोड मी कथलाने झाळला. आम्ही पोरी पत्र्यावर चढून तार ओढत होतो तेव्हा खालून बायका म्हणत होत्या, "आता ह्या माकडीनी कुटं चडल्या गं!" घंटी पहिल्यांदा वाजली तेव्हा मला वाटलं, नव्या जिल्ह्यात माझंही एक ऑफिस झालं.

माय म्हणाली, "बगू तुमची घंटी. उद्या हमीवर सुट्टी हाय. मी हायच घरी. हुकला टँकर तर उद्याच संपलं समदं."

म्हणजे परीक्षाच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोदामात बसले होते, पण कान सगळे त्या घंटीत. सर काही समजावत होते, एक अक्षर कळत नव्हतं. आणि घंटी वाजली. साधीसुधी नाही, एकसारखी, दम न घेता. अप्पा बटणावरचं बोट काढीचनात. सर म्हणाले, "अरे, एवढं काय करून राहिले अप्पा?" पण आम्ही थांबतोय कशाला! पोरी गल्लीबोळांतून "आला, आला" ओरडत सुटल्या. ती लांबलचक घंटी ऐकून कुणीतरी म्हणालं, आज दोन-तीन टँकर आलेत. मग काय विचारता! रांगेचा कायदा बाजूला राहिला. लिंबाखालच्या घागरी उचलून बाया थेट वळणाकडे, टँकरला आडव्या. सगळ्यांच्या पुढे माझी माय. घंटी वाजली खरी, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता की पाण्याचा, ते मला तेव्हा कळलं नाही.

धुरळा जवळ आला आणि त्यातून एकापाठोपाठ तीन जीपगाड्या बाहेर पडल्या.

अप्पांना लांबचं दिसत नव्हतं. चष्मा लावला तर म्हातारे दिसू म्हणून ते लावत नव्हते. आजवर वस्तीकडे एवढा धुरळा फक्त टँकरचा यायचा, तेव्हा तिप्पट धुरळा म्हणजे तीन टँकर, हा त्यांचा सरळ हिशेब. जीपमध्ये होते जिल्ह्याचे मोठे साहेब. पलीकडच्या माळावर नव्या ऑफिसची जागा पाहायला निघालेले.

साहेबांनी समोर पाहिलं. अख्खा रस्ता अडवून बाया उभ्या. प्रत्येकीच्या कमरेवर घागर, प्रत्येक घागरीवर एकच निळा मोर. त्यांनी मनाशी काय ताडलं असेल ते सांगायला नको. आपल्याकडे बायका रिकाम्या घागरी घेऊन सरकारी गाडीपुढे उभ्या राहिल्या की त्याला एकच नाव आहे, हंडा मोर्चा. तोही निशाणीसकट!

साहेब खाली उतरले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "शांत राहा. कोणत्या संघटनेचा मोर्चा आहे हा? मोर कुणाचं चिन्ह?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मोर्चा कुणाला माहीत होता! एकीने पदरात तोंड लपवून हसू दाबलं. मी मागे उभी होते. टँकर नव्हताच. घंटी खोटी वाजली होती. मायच्या देखत, भर रस्त्यात. संपलं समदं, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

"तुमच्या नेत्या कोण?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्या मायकडे बोट केलं, कारण ती पुढे होती. एवढंच कारण. बाई उभ्या आयुष्यात तलाठ्याशी बोलली नव्हती. तिने घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली.

"आमी मोर्चा न्हाई सायेब," ती म्हणाली. "आमाला वाटलं टँकरच आला. घंटी वाजली म्हून पळत आलाव."

"कसली घंटी?"

"हितं अप्पाच्या हाटेलात बटन हाय. पोरींनी बसवलंय. माज्या पोरीनं तारा जोडल्यात." मग साहेब विश्वास ठेवणार नाहीत असं वाटून की काय, तिने पुढे जोडलं, "लई मोट्यानं वाजती."

साहेब खो खो हसले. आधी ते, मग ड्रायव्हर, मग आम्ही सगळ्या. हॉटेलच्या दारात अप्पा मात्र गंभीर चेहऱ्याने अजून टँकर शोधत होते.

हसणं ओसरल्यावर साहेब म्हणाले, "पण पाण्याचा त्रास तर आहेच ना? मोर्चा नाही तर नाही, मागणी सांगा. पाणी कमी पडतं का?"

"पडतंय की, पडतंय," मागून बाया ओरडल्या. आणखी एक टँकर मागा, बोअर मागा, हापसा मागा, असं एकीने मायच्या कानात सांगितलं. मीही तेच मागितलं असतं. कुणीही शहाणा माणूस तेच मागेल.

माय म्हणाली, "पाणी कमी हाय, ते समद्यांनाच कमी हाय. आमच्या टँकरला टायम न्हाई बगा. दुपारच्याला येतो. त्याच टायमाला पोरी शिकाय जात्यात."

"काय शिकतात?"

"काय की. मला कुटं कळतंय? तुमी टँकर सकाळी धाडा. दिस उगवायच्या आदी."

साहेब जरा गोंधळले. "इतक्या सकाळी? त्या वेळी मुली उठून पाणी भरतील?"

"पोरींचं तिथं काय काम?" माय त्यांच्यावरच खेकसली. "हमीवर जायच्या आदी मी भरीन."

साहेबांनी "बरं, सकाळीच धाडतो" म्हटलं, तरी मायने वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खडी फोडून भेगाळलेला तिचा तळहात घागरीच्या काठावर होता, आणि तो हात पहाटे उठून आणखी एक काम अंगावर घेत होता, माझ्या वाटणीचं. मला तिचा इतका राग यायचा, आणि त्या क्षणी तिच्यावर इतकी माया दाटून आली की मी त्या गर्दीतच हुंदका दिला. शेजारची मावशी म्हणाली, "रडतीस कामून गं? टँकर सकाळी येनार म्हनत्यात की."

मायने तेवढं मात्र ऐकलं. मागे न बघता ती म्हणाली, "हितं काय उबी ऱ्हायलीस? तुजी शिकवणी सुटली का? जा, बस जाऊन."