मागच्या सीटवरचा उतारू

थिओफिलस बतीस्तनं उभ्या जन्मात पर्यटकांची जहाजं किनाऱ्यावरूनच पाहिली होती. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरच्या गुयाव्ह गावचा तो जुना कोळी. समोरून पांढरं जहाज गेलं की म्हणायचा, "चालला बघा तरंगता बाजार." टोरांटोत नर्स असलेल्या त्याच्या लेकीनं, जुनेलनं, जहाजाच्या सहलीची तिकिटं काढली तेव्हाही त्यानं नाक मुरडलं. मग ते जहाज एक दिवस सेंट लुशियाला थांबतं असं कळलं, आणि म्हातारा चर्चला जायचा कोट इस्त्रीला देऊन आला.

सेंट लुशियात त्याचा मुलगा रॉल राहायचा. जहाजावरून उतरणाऱ्यांना व्हॅनमधून बेट दाखवायचा. बापलेकांत कित्येक वर्षं अबोला होता.

आमच्या बेटांवर परदेशी गेलेली लेकरं येईपर्यंत मयत थांबवतात. आठवडे गेले तरी चालतील, पण मुलावाचून आईला माती देत नाहीत. थिओची बायको मर्ल अंथरुणाला खिळली होती तेव्हा रॉल एकदाही फिरकला नव्हता. त्या रागात थिओ म्हणाला, "जिवंतपणी आला नाही, आता कशाला थांबायचं?" आणि त्यानं माती उरकली. दुसऱ्या दिवशी रॉल नव्या काळ्या कोटात दारात उभा. आई कुठं आहे, एवढंच विचारलं. घोटभर पाणीही न घेता तो परत गेला.

मी थांबायला हवं होतं, एवढंच थिओला आता सांगायचं होतं. पण त्यासाठी मुद्दाम पोराच्या दारी जायचं म्हणजे भारी जड. जहाजातून उतरताना सहज गाठ पडली तर मान जरा कमी वाकवावी लागेल, असं त्याला वाटे.

"रॉलच्याच गाडीची सहल घेतलीय," जुनेल म्हणाली. "मी जहाजावरच थांबते. पपा, तोंड मात्र उघडा. दोघंही नुसते खडक आहात."

"उघडतो गं. रात्रभर तेच घोकतोय."

"घोकू नका. बोला."

धक्क्यावर रॉल उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. उतारू एकेक करून मुकाट्यानं गाडीत चढत होते. थिओची पाळी आली. पायरीवर पाय ठेवला आणि जवळून त्याला पोराचा कान दिसला, थेट मर्लचा कान. रात्रभर घोकलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. तो तसाच आत शिरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

रॉलनं आरशात एकदा पाहिलं. मग गाडी सुरू केली.

"मंडळी, रस्ता वळणाचा आहे," तो म्हणाला. "भीती वाटली तर डोळे मिटा. मीही तेच करतो." सगळे हसले. थिओही हसला, जरा उशिरा.

डोंगरउतारावर एका चुलीपाशी गाडी थांबली. तिथली म्हातारी सेलेस्टीन कसावाच्या कंदाच्या भाकरी भाजत होती. थिओनं न विचारता तव्याच्या कडेची खरपूस भाकरी उचलली. ती बघतच राहिली.

"काय रे रॉल, हा पाहुणा कुठला? नाक तर तुझंच लावून आलाय."

"जहाजावरचे आहेत, मावशी."

"चल, थापा मारू नकोस. हा आपल्यातला आहे."

रॉल गाडीची काच पुसत होता. हात न थांबवता म्हणाला, "आपला माणूस गाडीत चढताना गुड मॉर्निंग म्हणतो. लहान असो, थोर असो, चढणाऱ्यानं म्हणायचं. हे काही न बोलता मागे जाऊन बसले. म्हणजे जहाजावरचेच."

थिओच्या हातात भाकरी तशीच राहिली. गुयाव्हच्या गाड्यांमध्ये हा पाठ त्यानंच पोराला दिला होता. एकदा विसरला म्हणून भर गाडीत कान उपटला होता. पोरगा काय समजून बसला आहे ते आता त्याला कळलं: बाप आला, पण परक्यासारखा, तिकीट काढून.

"रॉल," तो म्हणाला.

"बसा सर. पुढे धबधबा आहे, लोक खोळंबलेत."

धबधबा थिओनं पाहिला नाही. तो गाडीतच बसून राहिला.

संध्याकाळी धक्क्यावर रॉल दाराशी उभा राहून एकेकाला हात देऊन उतरवत होता. थिओ सगळ्यांच्या शेवटी आला. पोराचा हात त्यानं धरला आणि सोडला नाही.

"तुझ्यासाठी थांबायला हवं होतं मी. चुकलं माझं."

रॉल खाली बघत राहिला.

"हो," रॉल म्हणाला. "थांबायला हवं होतं." त्यानं हळूच हात सोडवून घेतला. "जपून जा. शिडी निसरडी असते."

वर जुनेल कठड्याशी वाट बघत होती.

"बोललात?"

"बोललो."

"मग? काय म्हणाला?"

थिओ खाली बघत होता. रॉल व्हॅनमध्ये शिरून सीटांवरचा कचरा गोळा करत होता. मागच्या सीटपाशी आला आणि तिथंच बसला, डोकं समोरच्या सीटच्या पाठीला टेकवून. जहाज धक्क्यापासून सुटलं तरी तो उठला नव्हता.

"गाडी चांगली चालवतो," थिओ म्हणाला.